दोन बोटं आत

“दोन बोटं आत घ्यायला लागतंय की ताई,” अक्का म्हणाली आणि माझ्या काखेखालचं सैल कापड चिमटीत धरून तिनं ओठांत धरलेली टाचणी त्यात खुपसली. ब्लाऊज जुना, मोरपंखी इरकलीवरचा, 2006 साली शिवलेला. शेजारच्या घरात टॉवेलचे चार माग चालू होते, खटाक-खटाक, त्यामुळं मला आधी नीट ऐकूच आलं नाही. वाटलं, दोन बोटं सोडायला लागतील म्हणतेय. गेली वीस वर्षं मी तेच ऐकत आलेय. शिलाईवाल्याकडं जायचं, हात वर करून उभं राहायचं, आणि समोरच्यानं ‘थोडं सोडावं लागेल’ म्हटलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचं. त्यामुळं सवयीनं म्हणाले, “सोड की, शिवणीत आत माया शिल्लक आहे का बघ.” अक्का हसली. “सोडायचं कुठलं ओ, आत घ्यायचंय म्हणतेय मी.”

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून नऊ आठवडे मी दोनाच्या जागी एक भाकरी खात होते. तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या जरासा आधी पोटात खड्डा पडला, अंधारात जिना उतरताना एक पायरी चुकते तसा. पूर्व भागातून रिक्षात बसले, ती जुळे सोलापूरला घराशी थांबली, तरी तो खड्डा काही भरला नाही. नवऱ्याला सांगितलं, दोन बोटं आत घेणार आहे. तो म्हणाला, “मग तोंड असं का केलंयस?”

सुरुवात दिवाळीनंतर झाली. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या 6.1 या आकड्याला निळ्या पेनानं गोल केला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा तो, 5.7च्या आत असला तर निर्धास्त, 6.5 गाठला की मधुमेह. मी बरोबर मधल्या पट्टीत उभी होते. मग टेप काढून कंबर मोजली: 98 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांची 80च्या आत हवी, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, जसं काही बाहेर बसलेल्या पेशंटांना माझी कंबर दिसतच नव्हती. उंची पाच फूट दोन इंच, वजन 81.6. मी पतसंस्थेत कॅशला बसते. आकडा लिहून दिला की तो माझ्या जिवाला लागतो. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तरी घरी जायला पाय निघत नाही, आणि इथं तर सगळं खातंच फुगलेलं.

पहिल्या आठवड्यात 2.3 किलो गेलं. मी हवेत होते. ऑफिसात डबा उघडताना मुद्दाम भाकरी वर धरून ‘एकच’ असं दाखवत होते. दुसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅम, तिसऱ्यात पाचशे. पुढं त्याच्याही निम्म्यानं. आणि मग सलग तीन सोमवार काटा 77.9, 78.2, 77.9 असा जागच्या जागी घुटमळत राहिला. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, तिला उंचसखल असायचा जन्मसिद्ध हक्क. काचेचा तो डिजिटल काटा देवघरासमोर ठेवला तर एक आकडा, मोरीजवळ ठेवला तर चारशे ग्रॅम कमी. तेव्हा तिसऱ्या सोमवारी मी पहाटे पाच वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना, काटा हातात घेऊन फरशी-फरशी हिंडत होते. पंचेचाळिशीतली बाई, गाउनवर, अंधारात, स्वतःला कमी दाखवणारी फरशी शोधतेय. मुलगी पाणी प्यायला उठली तेव्हा मी काट्यावर एका पायावर उभी होते. ती काही बोलली नाही. दिवा मालवून गेली.

भाची आहारशास्त्र शिकते, तिला फोन केला. तिनं हसून सांगितलं, मावशी, पहिल्या आठवड्यात गेलं ते बहुतेक पाणी. यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात, आणि तिच्या दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी ती साठवण उपसली जाते, तिच्याबरोबर पाणी जातं आणि काटा धाडकन खाली येतो. नंतर उलटं. चालायची सवय नसलेल्या पोटऱ्या दुखायला लागल्या की तिथं पाणी धरलं जातं. पाळी जवळ आली की पाणी. जेवणात मीठ जास्त झालं की पाणी. आत चरबी उतरत असते, पण वरून पाणी भरलेलं असतं, त्यामुळं बेरीज तीच दिसते.

हे मला कुणी इतकं समजावून सांगायची गरज नव्हती खरं तर. मी सोलापूरची आहे. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पाण्याच्या दिवशी बाई पिंप भरते, टाकी भरते, कळशा भरते, घागरी भरते, आणि तरी नळ चालू असला तर कुकर आणि परातसुद्धा भरून ठेवते. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस असंच करतं. माझ्या शरीराचा रोजचा पुरवठा मी एकाएकी निम्म्यावर आणला होता, कुणाला न विचारता, नोटीस न देता. ते सोलापुरी आहे, त्यानं सोलापुरी उपाय केला.

शेंगाचटणीचं मात्र वाईट वाटलं. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक, दाताखाली दाणा अर्धवट राहिलेली ती चटणी आणि पापडासारखी कडक भाकरी, यावर मी मोठी झालेय. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 570 कॅलरी असतात आणि जवळजवळ निम्मं तेल, हे कळल्यापासून चटणीच्या बरणीकडं बघताना माझ्या मनात जो काही अपराधी भाव येतो, त्यात चटणीचा काय दोष? आता मी चहाच्या चमच्यानं मोजून घेते. चमचा सपाट करताना बोटाला लागलेली चटणी चाटते. ती हिशेबात धरत नाही.

काट्यावर काही हलत नव्हतं, तेव्हा शरीरात मात्र भलत्याच ठिकाणी काहीबाही चाललं होतं. भाकरी थापताना पाटल्या मनगटापाशी बसायच्या, त्या आता हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळतात आणि खळ्ळ करून परत येतात. साबण लावताना अंगठी निघाली आणि मोरीच्या जाळीवर जाऊन थांबली, जीव वर आला. पूजेला बसले तर मांडी घातली गेली, म्हणजे खरी मांडी, एक पाय दुसऱ्यावर. आधी मी नुसते पाय दुमडून त्याला मांडी म्हणायचे. हनुवटीखाली हात नेला की तिथं जबडा लागतो. दंडाखालचं कातडं मात्र सैल लोंबतंय, धुतलेला टॉवेल दोरीवर टाकल्यावर पाण्याच्या भारानं खाली ओढतो तसं. ऑफिसच्या लाकडी बाकावर बसलं की हाडं टोचतात. आणि थंडी! सोलापूरला कसली आलीय थंडी, पण मी जानेवारीत रात्री दोन चादरी घेतेय, त्याही आमच्याच गावच्या जाडजूड. यातलं काय चांगलं आणि काय वाईट याची यादी मला करता येत नाही. जबडा सापडला म्हणून आरशात चार वेळा बघितलं, आणि पाचव्या वेळी आरशात जे दिसलं ते बघून मागं सरले. त्याबद्दल पुढं.

लोकांचं म्हणाल तर, पाच आठवडे कुणी काही विचारलं नाही. सहाव्यात रोज तलावावर भेटणाऱ्या एक काकू म्हणाल्या, “आजारी होता का हो? चेहरा उतरलाय.” आपल्या भाषेत चेहरा उतरला की वाईट, वजन उतरलं की चांगलं, आणि दोन्ही एकाच वेळी उतरतात, त्याला काय करणार? ‘तब्येत’ हा शब्दच घ्या. तब्येत विचारली म्हणजे प्रकृती विचारली, आणि ‘तब्येत झालीय’ म्हटलं की बाई जाड झालीय. लग्नानंतर पहिल्या मंगळागौरीला माहेरी आले तेव्हा शेजारच्या सगळ्या बायका म्हणाल्या, सासर मानवलं हो! सहा किलो वाढलं होतं. आई त्या वाक्यावर पुढं महिनाभर खूश होती. मुलगी अंगानं भरली म्हणजे तिला तिथं खायला मिळतंय, कुणी टाकून बोलत नाही, ती रडत नाही. एवढं सगळं त्या सहा किलोंत होतं.

रोज सकाळी मी कंबर तलावावर जाते. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव असं नाव आहे, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं, आणि 98 सेंटीमीटरची कंबर घेऊन रोज कंबर तलावावर जायचं यावर घरात जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेले. साडेपाचला पाण्यावर धुकं असतं. विजापूर रोडवरच्या ट्रकांचा आवाज त्यातून दबून येतो. भाचीनंच पाठवलेलं एक मी तिथं चालताना आठवते. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी हिशेब मांडला होता की चरबी जाते कुठं. घामात किंवा उष्णतेत जाते असं सगळ्यांना वाटतं, डॉक्टरांनासुद्धा. 10 किलो चरबी जळाली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेली 1.6 किलो पाणी होते. मला हे फार आवडलं, कारण 8.4 अधिक 1.6 बरोबर 10. कॅश टॅली. म्हणजे या नऊ आठवड्यांत माझी दीड-दोन किलो चरबी तरी नाकावाटे निघून गेली, त्यातली काही या पाण्यावर. आणि तीन सोमवार काटा हलला नाही त्याच तीन आठवड्यांत कंबरेचा टेप 95वरून 93वर आला होता. मीच मोजला, मीच वहीत लिहिला, आणि तरी माझा विश्वास काट्यावरच जास्त होता. काटा काचेचा, लाल आकड्यांचा. टेप कापडाचा, त्यामुळं तो खोटं बोलत असेल असं वाटत राहिलं.

आरशाचं राहिलं.

ब्लाऊज द्यायला गेले त्या दिवशी आधी आईकडं गेले होते. ती भावाकडं राहते, अक्काच्या गल्लीच्या मागं. दारातच तिनं मला थांबवलं, चष्मा वर केला आणि माझ्या गळ्याखाली बोट ठेवलं, हासळीच्या हाडावर. “जेवतीस का नाही गं? अण्णांसारखी दिसायला लागलीस.” मी हसण्यावारी नेलं. रात्री तोंड धुताना आरशात बघितलं, तर खरंच. गालांतलं भरलेपण गेलं होतं आणि खालून वडिलांचा चेहरा वर आला होता. तोच लांबट जबडा, तीच कानाजवळची खोलगट जागा. इतकी वर्षं तो माझ्या चेहऱ्याखाली होता, याची मला कल्पनाच नव्हती.

अण्णा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पंधरा मिनिटांत दारात, भुवयांवर आणि कानाच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव. मी टॉवेलनं ती पुसायची. माणूस उंच, हाडापेरानं मोठा. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. आज चालू होईल, गणपतीनंतर होईल, दिवाळीनंतर होईल असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. मधल्या काळात त्यांनी एका दुकानात रात्रीची राखणदारी केली, चादरींचे गठ्ठे बांधले, काय काय केलं. आणि ते वाळत गेले. कुणी आजारी म्हणावं असं काही नव्हतं. नुसते वाळत गेले.

तेव्हा सोलापूर स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं. लाल-पिवळे दिवे, आत गरगर फिरणारी चकती. चकती थांबली की नाणं टाकायचं, कटकन पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पुण्याच्या काकांना सोडायला गेलो की मी हट्ट करायची, आणि अण्णा माझं झाल्यावर कधीतरी स्वतःचंही करायचे. भविष्य मोठ्यानं वाचायचे, वजनाची बाजू खिशात घालायचे. आईनं ती तिकिटं बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, सुईदोऱ्याच्या डब्यात. पुढं एकदा बटण शोधताना मला तीन सापडली. 61, 56, 52. 52च्या मागं छापलं होतं की लवकरच धनलाभ होईल.

अण्णांच्या दोन फुलपँटी होत्या. कंबर सैल झाली की आई मागची मधली शिवण उसवून कापड आत घ्यायची, हातानंच, बारीक टाके घालून. मागून एक बोट घेतलं, मग दोन. असं तीन-चारदा झालं, आणि एके दिवशी अण्णा सायकलवर टांग टाकत होते तेव्हा माझं लक्ष गेलं: पँटीचे मागचे दोन खिसे सरकत सरकत इतके जवळ आले होते की मध्ये बोटभरसुद्धा जागा नव्हती. तेव्हा मला हसू आलं होतं. मी शेजारच्या मैत्रिणीला दाखवलंही होतं.

ते ताटावरून उठताना म्हणायचे, “मला भूक नाही.” उरलेली अर्धी भाकरी मग आम्हा दोघा भावंडांत वाटली जायची. परवा भोगीच्या तयारीला मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, शेंगापोळ्या केल्या. मुलीनं तुपानं माखलेली पोळी माझ्या ताटात ठेवली आणि मी म्हणाले, मला भूक नाही. भूक होती. चांगली कडकडून होती. तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि त्याचा आवाज ओळखीचा वाटला. मुलगी म्हणाली, “आई, खोटं बोलू नको, अर्धी घे.” अर्धी घेतली. ती अर्धी पोळी मी वहीत लिहिली नाही. त्या सोमवारी काटा काय म्हणाला तेही बघितलं नाही.

शनिवारी परत अक्काकडं गेले. माग बंद होते, वीज गेली होती, त्यामुळं गल्लीत इतकी शांतता की तिच्या कात्रीचा आवाज ऐकू येत होता. तिनं दारातल्या उजेडात ब्लाऊज उलटा करून धरला. एका बाजूची शिवण पूर्ण उसवली होती आणि कापड सपाट झालं होतं. आणि त्यावर सुईच्या भोकांच्या चार रांगा होत्या, एकाशेजारी एक. अगदी आतली मूळची टीप, 2006ची. तिच्या बाहेर मुलीच्या वेळी सोडलेली. तिच्या बाहेर आणखी एक, कधीची ते आता आठवत नाही. आणि कडेला, जवळजवळ काठावर, 2020ची, लॉकडाऊननंतरची. दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यात मोरपंखी रंग अजून कोराच होता, आत दडलेला होता म्हणून ऊन न लागलेला. अक्कानं नखानं दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मधोमध एक रेघ ओढली. “हितं मारते. पहिल्या टिपेपर्यंत नाही जात अजून.”

“नाहीच जाणार बहुतेक,” मी म्हणाले.

“जाईल की. संक्रांत तर होऊ दे.” मग तिनं बाहेरची कड दोन बोटांत धरली. “ही माया लई झाली आता. आत गोळा होतीय, टोचंल तुम्हाला. कापून टाकू?”

सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मला तोच ब्लाऊज घालायचाय. 14 तारखेला देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर अख्खं गाव लोटतं, आमच्या घरचे पुरुष पांढऱ्या बाराबंदीत असतात. तो पोशाख बरा, नुसत्या बंदांवर; माणूस वाळला काय आणि फुगला काय, गाठ इकडची तिकडं. अण्णांची बाराबंदी भाऊ घालतो. त्याला होते, मलाही झाली असती.

“कापू नको,” मी म्हणाले. “टोचू दे.”

अक्कानं मान हलवली, काही विचारलं नाही. बायका असं सांगतात, तिला सवय असणार. खडूची रेघ ओढून तिनं ब्लाऊज घडी करून मशिनवर ठेवला. “मंगळवारी घेऊन जावा.”

“मंगळवारी नको, आमच्याकडं पाणी आहे. सोमवारी संध्याकाळी येते.”